मुलांकडे कायमचं जाण्याआधी : मुंबई-ठाण्याच्या ज्येष्ठ नागरिक संघांना खुलं पत्र

प्रति,
मुंबई आणि ठाण्यातील ज्येष्ठ नागरिक संघांचे अध्यक्ष, कार्यकारिणी आणि सर्व सभासद बंधुभगिनी यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गेली काही वर्षं आपल्या मासिक सभांमध्ये वाढदिवसांच्या यादीनंतर आणखी एक विषय येऊ लागला आहे. अमुक दांपत्य मुलाकडे कायमचं चाललं आहे, त्यांना निरोप. शाल, श्रीफळ, "आता नातवंडांत रमा" अशा शुभेच्छा, मग चहा आणि बटाटेवडा. मुलुंड, ठाणे, पार्ले, बोरिवली, डोंबिवली, कुठेही जा, हेच ऐकू येतं. त्या निरोपामागे खरी माया असते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला बोलायचं आहे ते त्याआधीच्या सहा महिन्यांबद्दल. त्या काळात त्या दांपत्याने राहतं घर विकायला काढलेलं असतं, आरोग्य विम्याचा हप्ता "आता कशाला" म्हणून सोडून दिलेला असतो, पोस्टातल्या ठेवी मोडलेल्या असतात. आणि संघातल्या कुणीही त्यांना विचारलेलं नसतं की तिकडे तुम्ही कायद्याने कोण असणार आहात?

मी बँकेच्या परकीय चलन विभागातून निवृत्त झाले. लेक कॅलगरीत असते, तिच्याकडे भर हिवाळ्यात राहून आले आहे. मुलुंडला आमच्या संघात लोक कागद घेऊन माझ्याकडे येतात, आणि बहुतेक वेळा तिकीट काढून झाल्यावर येतात. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून हे पत्र एकेकट्या सभासदाला न लिहिता तुम्हा संघांना लिहिते आहे. हा विषय घराघरांत फक्त मायेचा म्हणून बोलला जातो. मुलगा आग्रह करतो, सून सामान लावून ठेवते, आणि अशा वेळी आईवडिलांनी व्हिसाच्या अटी विचारणं म्हणजे मुलावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. घरात जे विचारायला अवघड जातं ते संघात विचारता यायला हवं.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगते. तिकडच्या देशाने तुम्हाला स्वतःच्या नावावर राहण्याची परवानगी आणि आजारपणाचा भरवशाचा विमा या दोन गोष्टी हातात देईपर्यंत मुंबईतलं काहीही मोडू नका.

अमेरिकेपासून सुरुवात करते, कारण आपले बहुतेक लोक तिकडेच जातात. दहा वर्षांचा व्हिसा पासपोर्टवर लागला की आपण निश्चिंत होतो. पण तो पर्यटकाचा व्हिसा असतो. एका वेळी किती राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ते साधारण सहा महिने असतं. सहा महिने तिथे, सहा महिने इथे, असं वर्षानुवर्षं करणारे पुष्कळ आहेत. कागदोपत्री ते तिथे पाहुणेच असतात. पाहुण्याला तिथे सरकारी आरोग्य विमा नाही. तो खासगी 'व्हिजिटर' विमा घेतो, आणि या विम्यांची मेख अशी की रक्तदाब, मधुमेह, आधी झालेली बायपास यांसारखे जुने आजार बहुधा त्यात धरलेच जात नाहीत. काही पॉलिसींमध्ये जुना आजार अचानक उफाळला तर मर्यादित रक्कम मिळते, तीही ठरावीक वयापर्यंत. आता सत्तरीतल्या माणसाला होऊन होऊन काय होणार? जे आधीपासून आहे तेच वाढणार. म्हणजे ज्या कारणासाठी विमा घ्यायचा, नेमकं तेच कारण वगळलेलं. पॉलिसीचं ते पान मुलाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. त्यात कमीपणा काही नाही.

मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला आणि एकवीस वर्षांच्या वरचा असला, की तो आईवडिलांसाठी ग्रीन कार्डचा, म्हणजे कायम रहिवासाच्या परवान्याचा, अर्ज करू शकतो. या नात्याला वार्षिक कोटा नाही, त्यामुळे भावंडांसारखी दशकांची रांग लागत नाही. मुलाखत आपल्या बीकेसीतल्या वकिलातीत होते. इथवर सगळं सुरळीत असतं. अवघड भाग कार्ड हातात आल्यावर सुरू होतो. पासष्टीनंतरचा सरकारी विमा, म्हणजे मेडिकेअर, कार्ड मिळालं म्हणून मिळत नाही. तिथे काम न केलेल्या पालकाला कायम रहिवासी म्हणून सलग पाच वर्षं काढावी लागतात आणि मग तो विकत घ्यावा लागतो. २०२५ साली रुग्णालयाच्या भागाचा पूर्ण हप्ता महिना ५१८ डॉलर होता, डॉक्टरांच्या भागाचा १८५ डॉलर. दोघा नवरा-बायकोचा मिळून हिशेब करा आणि आपल्या पेन्शनशेजारी मांडून बघा. मधली पाच वर्षं खासगी विम्यावर काढायची. तो मिळतो, जुन्या आजारांसकट मिळतो, पण त्या वयात त्याचा हप्ता जड असतो आणि तो बहुधा मुलाच्या खिशातून जातो. मुलाने ते आनंदाने करावं, पण बसून आकडे मांडून, सुनेच्या समोर, आधी.

ग्रीन कार्डवाल्यांचा आणखी एक गैरसमज. कार्ड आहे म्हणून कितीही दिवस मुंबईत येऊन राहिलं तरी चालतं, असं नाही. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर परत जाताना प्रश्न विचारले जातात. वर्षाच्या वर गेलात आणि आधी 'री-एंट्री परमिट', म्हणजे परत येण्याची परवानगी, घेतलेलं नसेल तर तुम्ही ते राहणं सोडून दिलं असं धरलं जाऊ शकतं. ते परमिटही जास्तीत जास्त दोन वर्षांचं. म्हणजे गणपती ते होळी इकडे आणि उन्हाळा तिकडे अशी जी सोयीची आखणी लोक करतात ती पाहुण्याच्या व्हिसावर जमते. कार्डावर ती ओढाताणीची होते, आणि मेडिकेअरसाठी लागणारी ती पाच वर्षंही मग वादात येऊ शकतात.

आणि कर. यावर आमच्या संघात सगळ्यांत जास्त चेहरे पडतात. ग्रीन कार्ड घेतलेला माणूस अमेरिकेच्या कर खात्यासाठी तिथला रहिवासी ठरतो आणि त्याला जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. मुलुंडच्या बँकेतलं व्याज, पोस्टाची मासिक प्राप्ती, पेन्शन, भाड्याने दिलेला गाळा, सगळं. शिवाय अमेरिकेबाहेरच्या तुमच्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर दरवर्षी त्या खात्यांची माहिती वेगळी कळवावी लागते. १०,००० डॉलर म्हणजे आठ-नऊ लाख रुपये. आपल्यापैकी कुणाच्या ठेवी त्याहून कमी आहेत? कर लागेलच असं नाही, दुहेरी कर टाळण्याचा करार दोन देशांत आहे. पण न कळवण्याचा दंड मोठा असतो. आपल्या म्युच्युअल फंडांचा तर तिथे वेगळाच किचकट हिशेब होतो, तो कार्ड घेण्याआधी जाणकाराला दाखवावा. एक गोष्ट तर ग्रीन कार्ड न घेणाऱ्यांनाही लागू आहे. आपण सोय म्हणून मुलाचं नाव आपल्या ठेवीवर दुसरं घालतो. तो तिथला करदाता असेल तर ते खातं त्यालाही तिथे कळवावं लागतं. हे पोरांना माहीत नसतं आणि आपल्यालाही.

कॅनडाचं गणित वेगळं आहे आणि मला ते त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतं, कारण त्यात काय मिळणार नाही हे आधीच सांगितलेलं असतं. तिथे आईवडील आणि आजी-आजोबांसाठी 'सुपर व्हिसा' आहे. तो २०११ साली सुरू झाला, दहा वर्षांपर्यंतचा मिळतो आणि २०२२ पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मुलाचं उत्पन्न ठरलेल्या पातळीच्या वर हवं, वैद्यकीय तपासणी हवी, आणि किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा, किमान वर्षभराचा आरोग्य विमा हवा. प्रांताची सरकारी आरोग्यसेवा या व्हिसावर मिळत नाही. कायम रहिवासी करून घ्यायचं असेल तर पालकांसाठीची योजना आहे, पण तिच्यात अर्ज करायलाही चिठ्ठीत नाव निघावं लागतं, आणि मुलाला वीस वर्षं पालकांचा खर्च उचलण्याची हमी द्यावी लागते. तिथलं वृद्धापकाळाचं सरकारी पेन्शन मिळायला तिथे किमान दहा वर्षं राहिलेलं असावं लागतं. सत्तरीत गेलेल्या माणसाने या दहा वर्षांचा विचार शांतपणे करावा.

ऑस्ट्रेलियाचं थोडक्यात. साध्या पालक व्हिसाची रांग तीस वर्षांच्या आसपास आहे, म्हणजे ती आपल्यासाठी नाहीच. पैसे भरून मिळणाऱ्या व्हिसाचा खर्च माणशी ४३,००० ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर जातो आणि तरीही वर्षानुवर्षं थांबावं लागतं. तुमची निम्मी तरी मुलं तिथे स्थायिक असावीत अशीही अट आहे, त्यामुळे एक मुलगा सिडनीत आणि दोन मुली ठाण्यात असतील तर ते दार बंद. हल्ली तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता पालक व्हिसा मिळतो, एकूण दहा वर्षांपर्यंत. इंग्लंडने तर जुलै २०१२ मध्ये नियम इतके आवळले की रोजची अंघोळ, जेवण यांसाठीही दुसऱ्याची मदत लागते आणि तशी देखभाल भारतात मिळूच शकत नाही, हे सिद्ध केल्याशिवाय पालकांना कायमचं नेता येत नाही. मुंबईच्या माणसाने ते कसं सिद्ध करावं? तिथे मुलं असलेल्यांनी भेटीगाठींवर समाधान मानावं, असं मी स्पष्टच सांगते.

अलीकडे काही जण मुलांशिवायच, स्वतःच्या हौसेने बाहेर राहण्याचा विचार करतात. थायलंडमध्ये पन्नाशीनंतर निवृत्तांसाठी परवानगी मिळते, त्यासाठी ८ लाख बाथ बँकेत किंवा महिना ६५,००० बाथ उत्पन्न दाखवावं लागतं, आणि दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. दुबईत पंचावन्ननंतर पाच वर्षांचा निवृत्ती व्हिसा आहे. या वाटा पैसेवाल्यांच्या आहेत. पण त्यांच्यात एक चांगली गोष्ट दिसते, परवानगी माणसाच्या स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या पैशावर मिळते. मुलाची नोकरी गेली म्हणून ती डळमळत नाही. मुलगा स्वतःच नोकरीच्या व्हिसावर असेल तर त्याच्या भरवशावर आपण इथलं घर मोडणं म्हणजे भाडेकरूच्या घरात पोटभाडेकरू होणं आहे.

आता इकडचं. मला सगळ्यांत जास्त कळवळा याच भागाचा आहे, कारण नुकसान इथे होतं आणि ते भरून येत नाही.

घर विकून जाऊ नका. तरीही विकायचंच असेल तर विक्री कोणत्या आर्थिक वर्षात होते आहे आणि त्या वर्षी तुम्ही प्राप्तिकराच्या दृष्टीने इथले निवासी आहात की नाही, हे आधी सीएकडून ठरवून घ्या. फरक केवढा आहे तो पाहा. २३ जुलै २०२४ पासून जुन्या घरावरच्या भांडवली नफ्याला साडेबारा टक्के कर आहे, महागाईचा निर्देशांक न लावता, म्हणजे घराची खरेदी किंमत महागाईनुसार वाढवून न धरता. त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी इथे निवासी असलेल्याला दुसरा पर्याय आहे, निर्देशांक लावून वीस टक्के, दोन्हींत जो कर कमी येईल तो. अनिवासी झालेल्याला हा पर्याय नाही. निवासी माणसाचं घर पन्नास लाखांचं किंवा त्यावरचं असेल तर खरेदीदार एक टक्का कर कापतो. अनिवासी माणसाचं घर असेल तर त्याला भांडवली नफ्याच्या दराने, अधिभारासकट, आणि तोही बहुधा पूर्ण किमतीवर कापावा लागतो, जोवर तुम्ही खात्याकडून कमी कपातीचा दाखला आणत नाही. पार्ल्यातल्या दोन खोल्यांच्या आजच्या भावात ही कपात किती लाखांत जाते हे मी सांगायला नको. परतावा मिळतो, पण विवरणपत्र भरून, वाट पाहून. आणि त्या पैशांतून न्यू जर्सीत मुलाबरोबर घर घेतलंत तर नवीन घर घेतल्याची करसवलत मिळत नाही, ती भारतातल्याच घरासाठी आहे.

काही जण विकत नाहीत, पण मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करून टाकतात. महाराष्ट्रात मुलांना राहतं घर बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क नाममात्र, २०० रुपये आहे, म्हणून वकील चटकन सुचवतात. मी म्हणते थांबा. घर मुलाला द्यायचंच आहे ना, मग मृत्युपत्र करा. बक्षीसपत्र झालं की घर आज, या क्षणी तुमचं राहत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीस सांभाळ न झाल्यास रद्द करून मागता येतं, पण ती अट दस्तात लिहिलेली नसेल तर भांडण लांबतं. परदेशात राहून ते भांडायचं कसं?

घर ठेवलंत आणि भाड्याने दिलंत तर सोसायटीला बिगर-भोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचं शुल्क, द्यावं लागेल. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे सरकारने २००१ सालीच ठरवून दिलं आहे. कमिटीने जास्त मागितलं तर तो आदेश दाखवा. खरी डोकेदुखी पुनर्विकासाची आहे. मुलुंड, गोरेगाव, पार्ले, चेंबूर, जुन्या सोसायट्या एकामागून एक विकासकाकडे जात आहेत. तुम्ही कॅलगरीत बर्फ उपसत असताना इथे विशेष सर्वसाधारण सभा होते, ५१ टक्क्यांच्या संमतीने निर्णय होतो, आणि मग प्रत्येक सभासदाला नव्या जागेच्या करारावर नोंदणी कार्यालयात सही करावी लागते. त्या दिवशी तुमच्या वतीने कोण? तुमच्या वतीने सही करायचा अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र जाण्याआधी मुंबईतच करून नोंदवून ठेवा. परदेशात केलंत तर तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकन, किंवा नोटरी आणि अ‍ॅपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का), आणि इथे आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक, इतकं सगळं होतं. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. ज्याने अधिकार दिला तो माणूस वारला की कुलमुखत्यारपत्र संपतं. त्याचं मन थकलं, स्मृतिभ्रंश झाला, तरी आपल्या कायद्याने त्याचा आधार जातो. म्हणून फक्त त्यावर विसंबू नये. जोडीदाराचं नाव घरावर, खात्यावर आधीपासून हवं, सोसायटीत नामनिर्देशन हवं, मृत्युपत्र हवं.

बँकेबद्दल मी तासभर बोलू शकते, पण थोडक्यात सांगते. तुम्ही निवासी की अनिवासी हे ठरवायला प्राप्तिकरात दिवस मोजतात, परकीय चलनाच्या कायद्यात हेतू पाहतात. अनिश्चित काळासाठी जायचं ठरवून गेलात की साधं बचत खातं चालवत राहणं नियमात बसत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. त्यानंतर १५ एच फॉर्म भरून व्याजावरची कपात टाळता येत नाही. तीस टक्के आणि वर उपकर कापला जातो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवं खातं उघडता येत नाही. पैसे बाहेर न्यायला एनआरओमधून वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे, म्हणजे आपल्यासारख्यांना ती आडवी येत नाही, मात्र कर भरल्याचे कागद आणि सीएचा दाखला प्रत्येक वेळी लागतो. जे पाहुणे म्हणून सहा महिने जाऊन येतात त्यांना यातलं बहुतेक काही लागू नाही. कायमचं जाणाऱ्यांना सगळं लागू आहे.

आता त्या सोडून दिलेल्या विम्याबद्दल. आपल्या इथल्या आरोग्य विम्याला जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असते, आणि सलग पाच वर्षं हप्ते भरल्यावर कंपनीला "तुम्ही आजार लपवलात" असं म्हणून दावा नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. ही तुमची वर्षांची कमाई आहे. हप्ता एकदा चुकला आणि सवलतीचे दिवसही उलटले की सगळं शून्यावर. पंचाहत्तरीत परत आलात तर नवी पॉलिसी कुणी दिलीच तर किती हप्त्यात, आणि गुडघ्यासाठी, हृदयासाठी पुन्हा तीन वर्षं थांबायचं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला आहे, तेवढा तरी हप्ता हलका झाला. तिकडे असलात तरी तो भरत राहा. परदेशातल्या विम्याचा हप्ता आणि हा, असा दुहेरी खर्च होतो हे मला माहीत आहे. तरीही भरा. आमच्या इमारतीतल्या एक बाई यजमान गेल्यावर डॅलसहून परत आल्या, इथे आल्यावर वर्षाच्या आत त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, आणि सगळा खर्च ठेवीतून झाला. पॉलिसी त्यांनी पंधरा वर्षं भरून जाताना सोडली होती.

छोट्या वाटणाऱ्या दोन गोष्टी. पहिली, इथला मोबाइल नंबर. बँक, आधार, पेन्शन, प्राप्तिकर, सगळ्यांचे ओटीपी त्यावर येतात. रिचार्ज संपला आणि नंबर दुसऱ्याला गेला की स्वतःच्या पैशापर्यंत पोहोचायला विमानाचं तिकीट काढावं लागतं. दुसरी, पेन्शन चालू राहायला लागणारा हयातीचा दाखला. नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो, ऐंशी पार केलेल्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. परदेशातून तो भारतीय वकिलातीमार्फत देता येतो, आणि आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही 'जीवन प्रमाण' होतं. जाण्याआधी इथे एकदा करून पाहा, म्हणजे तिथे एकट्याने जमेल.

राहणीमानाबद्दल मी कमी लिहिणार होते, पण राहवत नाही. तिकडे सगळ्यांत कठीण जातं ते दुपारी अकरा ते चार. मुलं कामावर, नातवंडं शाळेत, गाडी चालवता येत नाही, बाहेर उणे वीस. इथे खाली उतरलं की वाणी, भाजीवाली, संघाचं विरंगुळा केंद्र, कट्ट्यावरचे चार ओळखीचे चेहरे. तिथे खाली उतरणं म्हणजे कुणीतरी गाडीतून नेणं. साठीत गेलेला माणूस गाडी शिकतो, वाचनालयाची बस पाठ करतो, मित्र जोडतो. पंचाहत्तरीत गेलेल्याला ते जमत नाही, आणि त्यात त्याचा दोष नसतो. जायचं तर लवकर जा, हे माझं ठाम मत आहे. आणि गेल्यावर आपली माणसं शोधा. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून गावोगावच्या मंडळांना जोडतं आहे. गणपतीला एकदा जाऊन येणं पुरेसं नाही. तिथल्या ज्येष्ठांच्या गटात नाव घाला.

नागरिकत्वाचा प्रश्न शेवटी येतो, पण त्याचं उत्तर आधीच ठरवावं. तिथलं नागरिकत्व घेतलंत की भारताचं त्याच क्षणी संपतं, दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळतं, त्यावर इथे आयुष्यभर येता-राहता येतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांचा कोकणात, देशावर सातबारा आहे. वारसाने आलेली जमीन ठेवता येते. पण भावाचा हिस्सा विकत घेऊन वाडी एकत्र करायची इच्छा असेल तर ते इथले निवासी असतानाच उरकून घ्या. अनिवासी झालात की भारतीय पासपोर्ट हातात असूनही शेतजमीन विकत घेता येत नाही.

तर संघांनी काय करावं, हे माझं मागणं.

जो सभासद कायमचं जायचं म्हणतो त्याच्यासाठी निरोपाच्या आधी तीन महिने एक बैठक ठेवा. आपल्यात निवृत्त बँकवाले, विमावाले, आयकर खात्यातले, वकील आहेत. त्यांचं ज्ञान कोजागरीच्या कार्यक्रमात निवेदन करण्यापुरतं वापरू नका. बैठकीला शक्य असेल तर परदेशातल्या मुलाला व्हिडिओवर घ्या आणि त्याच्यासमोर प्रश्न विचारा, म्हणजे आईवडिलांना ते विचारावे लागणार नाहीत. जाणाऱ्याचं सदस्यत्व रद्द करू नका, परगावी असल्याची नोंद करून चालू ठेवा. परत येणारे पुष्कळ आहेत, आणि "मुलाकडे पटलं नाही वाटतं" या कुजबुजीच्या भीतीने ते संघाकडे फिरकत नाहीत. ज्याचा जोडीदार तिकडे वारला आणि जो एकटा परत आला, त्याच्या घरी संघाने पहिल्या आठवड्यात जावं, गॅस सुरू करून द्यावा, डॉक्टर सांगावा, बँकेत बरोबर जावं. कुणी सांगितलं म्हणून जाऊ नका, आपल्या घटनेतच ते काम म्हणून लिहून घ्या.

आणि फेस्कॉमने, म्हणजे आपल्या राज्यभरातल्या संघांच्या महासंघाने, एक मागणी सरकारपुढे ठेवावी. साठीच्या वरच्या माणसाच्या एकमेव राहत्या घराच्या विक्रीत, तो अनिवासी झाला तरी, निर्देशांकाचा पर्याय आणि एक टक्का कपात हीच पद्धत राहावी. आयुष्यभर इथेच कमावलेल्या, इथेच कर भरलेल्या माणसाला दोन वर्षं मुलाकडे राहिला म्हणून वेगळ्या रांगेत उभं करण्याचं कारण मला सापडत नाही. या मागणीचा मसुदा मी लिहून ठेवला आहे, हवा त्या संघाने घ्यावा, दुरुस्त करावा आणि आपल्या नावाने पाठवावा.

आमच्या संघात येत्या महिन्यापासून दर मंगळवारी संध्याकाळी मी या कामासाठी बसणार आहे. इतर संघांच्या सभासदांनीही यावं. येताना दोघांचे पासपोर्ट, विम्याची मूळ पॉलिसी, घराचा करार, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि सर्व ठेवींची यादी आणावी. तिकीट काढण्याआधी यावं.

आपली,
मुलुंड (पूर्व) येथील एक सभासद